‘करमुक्त काजूबाग’ विकणाऱ्या दलालावर खटला: फिर्याद कशावर उभी राहते

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं कुटुंब. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, आई घर सांभाळते. ऑगस्ट 2022 मध्ये वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा 46 लाखांना विकला. बाजारातला ओळखीचा शेअर-म्युच्युअल फंडाचा दलाल घरी आला आणि म्हणाला, नफ्यावर कर कशाला भरता? सत्तरी तालुक्यात काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे, त्यात 22 लाखांचा हिस्सा घ्या. शेतजमिनीत पैसे गुंतवले म्हणून नफ्यावरचा कर माफ, आणि दर वर्षी येईल ते शेतीचं उत्पन्न, त्यावरही कर नाही. आई-बाबांची दोन वर्षांची विवरणपत्रं त्यानेच भरली. दोघांच्याही विवरणपत्रांत पाच लाखांच्या वर शेती उत्पन्न दाखवलंय. प्रत्यक्षात दलालाकडून दोन वर्षांत मिळून आले दीड लाख. बाकी आकडा म्हणजे घरच्या गाळ्यांचं भाडं आणि ठेवींवरचं व्याज. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. आता दोघांनाही आकारणी वर्ष 2023-24 साठी आयकर खात्याची 148-अ कलमाची, म्हणजे जुनी आकारणी पुन्हा का उघडू नये असं विचारणारी, नोटीस आली आहे. मुलगी विचारते: या माणसाला शिक्षा होईल का, तक्रार कुठे करायची, आणि तक्रार केली तर उलट आई-बाबाच अडकतील का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्यावरच बाकीचं सगळं अवलंबून आहे.

विवरणपत्र बाबांच्या नावाचं आहे आणि ते खरं असल्याची ग्वाही बाबांनी दिली आहे. ‘दलालाने भरलं, आम्ही वाचलंच नाही’ हा बचाव करापुरता चालत नाही. कर आणि व्याज द्यावंच लागतं. दंडाचं गणित असं, की उत्पन्न नुसतं कमी दाखवलं असं ठरलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के, आणि खोटं दाखवलं असं ठरलं तर 200 टक्के. खात्याने खटला भरला तर त्याहून कठीण. नेहमीच्या फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. आयकर कायद्याच्या 278-ई कलमात उलट आहे: न्यायालय वाईट हेतू होता असं धरूनच चालतं, तो नव्हता हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे दाखवायचं. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला असला तरी तुमची वर्षं 1961 च्या कायद्याखालची आहेत, म्हणून कलमं त्याच क्रमांकांनी देतो.)

म्हणून पोलीस ठाण्याच्या आधी आयकराचं काम. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या आणि त्यात सगळं खरं सांगा: पैसे कोणाला दिले, कसे दिले, परत किती आले, विवरणपत्र कोणी भरलं, भाडं किती होतं. त्या भाटाचं उत्पन्न खरंच होतं असं दाखवायला चार पावत्या जोडून पाहू, असा सल्ला कोणी दिला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. दलालाने दिलेल्या पावत्या आज तुमच्या हातात पुरावा आहेत. त्याच पावत्या तुम्ही खात्यापुढे खऱ्या म्हणून ठेवल्यात, की बनावट कागद वापरणारे तुम्ही होता.

2024-25 या वर्षाची नोटीस अजून आलेली नाही. त्या वर्षासाठी अद्ययावत विवरणपत्राची, म्हणजे चूक स्वतःहून सुधारून जादा करासह पुन्हा भरायच्या विवरणपत्राची, वाट उघडी असू शकते. 2025 च्या अर्थ कायद्याने ती मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून 24 महिन्यांवरून 48 महिन्यांवर नेली. जादा कर मात्र उशिराप्रमाणे चढतो: पहिल्या वर्षात कर-व्याजाच्या 25 टक्के, दुसऱ्यात 50, तिसऱ्यात 60, चौथ्यात 70. चांगल्या सीएला आजच दाखवा, एकेक महिना महाग पडतो. जुलै 2025 मध्ये खात्याने देशभर सुमारे 150 ठिकाणी अशाच विवरणपत्र भरून देणाऱ्या मध्यस्थांवर छापे घातले. त्याच्या आधीच्या चार महिन्यांत जवळपास 40 हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रं स्वतःहून सुधारून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते, असं खात्यानेच तेव्हा सांगितलं. म्हणजे या वाटेने जाणारे तुमचे आई-बाबा पहिले नव्हेत.

यात एक अवघड प्रश्न आहे आणि तो बाबांना वकिलासमोर, दार लावून, एकदाच विचारायचा: गाळ्यांचं भाडं शेतीत मिसळलंय हे तुम्हाला माहीत होतं का? दलाल भाटाबद्दल खोटं बोलला, हे बाबांना कळायला मार्ग नव्हता. भाड्याचं तसं नाही. ते दर महिन्याला त्यांच्याच खात्यात येत होतं. माहीत असेल तर ते लपवून फिर्याद देऊ नका. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि तिथे बाबा अडखळले की 22 लाखांबद्दलची खरी गोष्टही डळमळते. आधीच कबूल केलेली, कर भरून निस्तरलेली गोष्ट मात्र उलटतपासणीत फार नुकसान करत नाही. नोटिशीचं उत्तर आणि फिर्याद एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिल्यासारखी जुळली पाहिजेत. सीए एक लिहितो, वकील दुसरं लिहितो, आणि दोन वर्षांनी दोन्ही कागद न्यायाधीशांपुढे शेजारी शेजारी येतात.

आता आईबद्दल. गोव्याबाहेरचे वकील हे हमखास विसरतात. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून आयकर कायद्यात आपल्यासाठी वेगळं 5-अ कलम आहे. पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, जमीनविक्रीचा नफा, दोघांत निम्मं निम्मं वाटलं जातं आणि दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. पेन्शन पगारात मोडते, ती एकट्या बाबांची. आईने कधी सही केली नाही, दलालाला फक्त चहा दिला, तरी तिच्या पॅनवर निम्मा खोटा दावा चढला, म्हणूनच नोटिशा दोन आल्या. खटल्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम. एक, दलालाने दोन वेगळ्या व्यक्तींना खोटी विवरणपत्रं भरायला लावली. आई स्वतंत्र फसवली गेलेली व्यक्ती आहे आणि तिची स्वतंत्र जबानी हवी. दोन, ती जबानी बाबांच्या तोंडून नको. तिला जे माहीत आहे तेवढंच तिच्या शब्दांत: तो कधी आला, काय बोलला, पॅन-आधारच्या झेरॉक्स कोणी मागितल्या, तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी कोणी विचारला. ‘मला कशातलं काही माहीत नव्हतं, तो म्हणाला तसं केलं’ हे आईचं साधं वाक्य खरं असेल तर त्याची किंमत मोठी आहे.

फिर्याद कशावर उभी राहते? बहुतेक लोक पोलिसांत जाऊन सांगतात, ‘याने कर वाचेल म्हणून सांगितलं, वाचला नाही, नोटीस आली.’ एवढ्यावर गुन्हा टिकत नाही. ‘कर लागणार नाही’ हे कायद्याबद्दलचं मत झालं. बचाव पक्ष म्हणेल, मत चुकलं. सल्ला चुकणं हा गुन्हा नव्हे. उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करायचा अर्ज याच मुद्द्यावर होतो. पण ‘सत्तरीत अमुक सर्व्हे नंबरला माझं भाट आहे, त्यात तुम्हाला हिस्सा देतो’ हे मत नव्हे. ती वस्तुस्थिती आहे. ती बोलताना खोटी होती आणि बोलणाऱ्याला ती खोटी असल्याचं माहीत होतं, हे दाखवता आलं की फसवणूक पूर्ण झाली. सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं हेच सांगत आलंय, की लबाडीचा हेतू व्यवहाराच्या पहिल्या क्षणी असायला हवा. नंतर पैसे बुडाले एवढ्यावरून फसवणूक होत नाही. म्हणून फिर्यादीत कराची गोष्ट दुसरी आणि भाटाची पहिली. नोटिशीने धास्तावलेला माणूस नेमकं उलटं लिहितो.

आता हातातले कागद काढा.

पहिला त्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमीन कोणाची हे दाखवणारा सरकारी उतारा. दलालाने दिलेल्या करारात सर्व्हे नंबर असेल. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून उतारा काढा, प्रमाणित प्रत मामलेदार कचेरीतून घ्या. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा. कुळाच्या रकान्यात कोणी आहे का तेही बघा. मग क्षेत्र. उताऱ्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे जमिनीच्या प्रकारांचे वेगवेगळे रकाने असतात. ते क्षेत्र तुमच्या विवरणपत्राशी ताडून पाहा, कारण शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की विवरणपत्राच्या त्या परिशिष्टात जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाडेपट्ट्याची, ओलिताची की पावसावरची, हे सगळं भरावं लागतं. दलालाने तिथे काही तरी आकडा टाकलाच असणार. उताऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावावर, आणि विवरणपत्रात तीच तुमच्या मालकीची दोन-चार एकर, असं निघालं तर तो आकडा कोणीतरी मनाने बनवला हे एका पानात सिद्ध होतं.

दुसरा कागद म्हणजे करार. तो बहुधा 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला असेल. स्थावराची मालकी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय बदलत नाही. शेतजमिनीच्या विक्रीनंतर दुसरी शेतजमीन घेतल्याची जी सवलत 54-ब कलमात आहे, ती विकत घेतलेल्या जमिनीसाठी आहे. शिवाय विकलेल्या जमिनीत आधीची दोन वर्षं शेती चाललेली असावी लागते. रोज लोकांची गुंतवणूक हाताळणाऱ्या माणसाला नोटरी कागदावर जमीन येत नाही हे ठाऊक नव्हतं, यावर न्यायालय सहज विश्वास ठेवणार नाही.

तिसरा, काजूबियांच्या विक्रीच्या पावत्या. तारखा वाचा. आपल्याकडे काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत, पाऊस लागला की संपला. शेतकरी बिया हंगामातच देऊन मोकळा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरची पावती दिसली तर लाल पेनाने खूण करा. बिया साठवून ठेवल्या होत्या असं तो म्हणेलही, म्हणून पावतीवर ज्या दुकानदाराचं किंवा संस्थेचं नाव आहे तिथून खरेदीची नोंद मागवायला तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करा. स्वतः जाऊन भांडू नका, समोरचा सावध होतो.

चौथा कागद लोक बघतच नाहीत: विवरणपत्राची पोच. आयकराच्या पोर्टलवर आपल्या खात्यात जाऊन दोन्ही वर्षांच्या पोचपावत्या उतरवून घ्या. खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: विवरणपत्र अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटं आणि सेकंदांनी, अमुक आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) सादर झालं, आणि अमुक तारखेला आधार ओटीपीने पडताळलं. तो आयपी पत्ता दलालाच्या कचेरीतल्या इंटरनेटचा निघतो का, हे पोलीस कंपनीकडून काढू शकतात. त्याच मिनिटांच्या आसपास बाबांच्या मोबाईलवर ओटीपीचा मेसेज आणि दलालाचा कॉल आहे का ते बघा. ओटीपी आला, लगेच दलालाचा फोन आला, अर्ध्या मिनिटात विवरणपत्र पडताळलं गेलं, हा क्रम जुळला तर ‘मी फक्त सल्ला दिला, भरलं त्यांनी’ हा बचाव संपतो. कॉलचे तपशील कंपन्यांनी साधारण दोन वर्षं ठेवायचे असतात, त्यानंतर मिळतीलच असं नाही. म्हणून हा अर्ज तपासाच्या पहिल्या आठवड्यात झाला पाहिजे. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि दुय्यम मोबाईल कोणाचा आहे तेही बघा, आणि बदलण्याआधी पानाची प्रत काढून ठेवा. त्याचाच ईमेल अनेक ग्राहकांच्या प्रोफाइलला असेल तर खात्याच्या संगणकाला ते आधीच दिसतं.

हे सगळं इलेक्ट्रॉनिक. साध्या छापील स्क्रीनशॉटला न्यायालयात किंमत नाही. 2020 च्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पक्कं केलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 कलमाखाली ते दोन भागांत लागतं: एक मोबाईल वापरणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. बाबांचा जुना फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट दुसऱ्या फोनवर हलवत बसू नका. पिशवीत घालून कपाटात ठेवा.

कलमं कोणती? 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली. 2022 मध्ये पैसे घेतले, जुलै 2023 मध्ये पहिलं विवरणपत्र भरलं, ही कृत्यं जुन्या दंड संहितेखाली: फसवणुकीसाठी 420, बनावट कागदांसाठी 468 आणि 471, दुसरं कोणी सामील असेल तर 120-ब. जुलै 2024 मध्ये दुसरं विवरणपत्र भरलं ते नव्या संहितेच्या 318(4), 336(3) आणि 340(2) खाली. तपासाची आणि खटल्याची प्रक्रिया मात्र सगळी नव्या नागरिक सुरक्षा संहितेने. एकाच एफआयआरमध्ये दोन्ही कायदे येतील, त्याने गोंधळू नका; पण तक्रारीत प्रत्येक कृत्याची तारीख स्वच्छ लिहा, म्हणजे ठाणे अंमलदार चुकणार नाही.

विश्वासघाताचं कलम लावायचा मोह होतो, कारण दलालाने केलेल्या विश्वासघाताला जुन्या 409 मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. इथे थांबा. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकत्र बसत नाहीत. फसवणुकीत पैसा पहिल्यापासूनच लबाडीने घेतलेला असतो; विश्वासघातात तो आधी प्रामाणिकपणे सोपवलेला असतो आणि मग गिळला जातो. तुमच्या 22 लाखांची गोष्ट फसवणुकीची आहे. बाबांनी कर भरण्यासाठी म्हणून वेगळी रक्कम त्याच्याकडे दिली असेल आणि ती भरलीच गेली नसेल, तर ती विश्वासघाताची, वेगळ्या परिच्छेदात. सगळी कलमं सगळ्या पैशांना लावलेली फिर्याद जोरदार दिसते आणि जामिनाच्या पहिल्याच सुनावणीत फाटते.

तक्रार फोंडा पोलीस ठाण्यात देता येते किंवा गोवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे कक्षाकडे. मी दोन्हीकडे देतो, पोच घेतो. आर्थिक व्यवहारांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशीला 2013 च्या ललिता कुमारी निकालाने मुभा दिली आहे, त्यामुळे बोलावतील, कागद मागतील. जा, झेरॉक्स द्या. मूळ करार पंचनामा आणि पोच झाल्याशिवाय हातातून सोडू नका. गुन्हा नोंदलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तरीही हललं नाही तर पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा, नागरिक सुरक्षा संहितेच्या 175(3) कलमाचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह. ही पायरी-पायरीची वाट आहे. मधली पायरी गाळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज परत येताना पाहून वाईट वाटतं, कारण त्यात महिने जातात आणि तेवढ्यात दलालाची खाती रिकामी होतात.

आयकर खात्याचा खटला वेगळा. 278 कलम दुसऱ्याला खोटं विवरणपत्र भरायला लावणाऱ्यासाठीच आहे, आणि अशा दलालांवर तेच बसतं. तो खटला तुम्ही भरू शकत नाही, पोलीसही नाही. प्रधान आयुक्तांची मंजुरी लागते आणि खातंच न्यायालयात जातं. तुम्ही पोर्टलवर करचुकवेगिरीची माहिती देऊ शकता आणि नोटिशीच्या उत्तरात त्याचं नाव, पॅन, खाते क्रमांक देऊ शकता. लोकांना वाटतं की आयकराचा खटला जास्त जबर. तुमच्या प्रकरणात तसं नाही. त्या वर्षांना लागू असलेल्या कायद्यात बुडणारा कर 25 लाखांच्या वर असेल तरच सात वर्षांपर्यंत शिक्षा. खाली असेल तर तीन महिने ते दोन वर्षं. तुमचा सगळा कर 25 लाखांच्या कितीतरी खाली, आणि 5-अ मुळे तोही दोन विवरणपत्रांत विभागलेला. शिवाय आयकराचे गुन्हे पैसे भरून आपसांत मिटवायची सोय आहे. फसवणुकीच्या कलमाला मात्र सात वर्षांपर्यंत. म्हणजे या माणसाला खरी शिक्षा करणारा खटला तुमच्या फिर्यादीतून येतो, आयकर खात्याच्या मंजुरीतून नव्हे. आणखी एक: आकारणीत खात्याने वाढवलेलं उत्पन्न किंवा दंड पुढे अपिलात गुणवत्तेवर रद्द झाला तर त्यावर उभा आयकराचा खटला कोसळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या के. सी. बिल्डर्स निकालात म्हटलंय. तुमच्या फसवणुकीच्या खटल्याचं दैव त्याच्याशी बांधू नका.

करचुकवेगिरीच्या तयार योजना विकणाऱ्यांवरचे खटले मोठ्या देशांतही प्रक्रियेवरच घसरतात. अमेरिकेत 2005 मध्ये केपीएमजी या हिशेब तपासनीस कंपनीने अशा योजना विकल्याचं कबूल करून 45 कोटी 60 लाख डॉलर भरले. पण व्यक्तींवर खटला चालला तेव्हा सरकारने आरोपींच्या वकिलांची फी बंद करण्यासाठी कंपनीवर दबाव आणला होता असं निघालं, आणि 2007 मध्ये न्यायाधीशांनी 13 आरोपींवरचे आरोप काढून टाकले. आपल्याकडे तो दबाव नसेल, पण राहिलेलं प्रमाणपत्र, न घेतलेली मंजुरी, एकाच सहीचे दोन पंच, यांनी तेच होतं.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडेही तक्रार करा. अनेकांचे पैसे एकत्र करून दुसऱ्याने चालवलेल्या बागेत लावणं म्हणजे सामूहिक गुंतवणूक योजना, आणि ती 1999 च्या नियमांप्रमाणे नोंदवल्याशिवाय चालवता येत नाही. दलालाकडे म्युच्युअल फंडाच्या विक्रीचा नोंदणी क्रमांक आहे, म्हणून भाटही अधिकृत झालं असं नाही. हे पैसे त्याने स्वतःच्या किंवा बायकोच्या खात्यात घेतले असतील, तर शेअर बाजाराच्या संरक्षण निधीतून काही मिळेल ही आशा ठेवू नका.

आता पैशांचं. दुसरे फसलेले शोधा. त्याने हे एकट्या तुमच्याबरोबर केलेलं नसणार. साखळी, डिचोली, फोंडा भागात जमीन विकलेले, निवृत्तीची रक्कम मिळालेले लोक याच माणसाकडे गेले का, हे गावात हळूच विचारलं तरी कळतं. चार जणांना त्याच सर्व्हे नंबरमधला हिस्सा विकल्याचं निघालं, की हेतूबद्दल वाद उरत नाही, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा गोव्याचा 1999 चा कायदाही लावता येतो. त्याखाली त्याची, आणि त्या पैशांतून घेतलेली दुसऱ्यांच्या नावावरची मालमत्ता जप्त होऊ शकते. महाराष्ट्रातल्या अशाच कायद्यातली ‘ठेव’ सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये 63 मून्स प्रकरणात बरीच व्यापक धरली, त्यामुळे ‘ही ठेव नव्हे, भागीदारी’ हा बचाव पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. तोपर्यंत नागरिक सुरक्षा संहितेच्या 107 कलमाखाली गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करण्यासाठी न्यायालयात अर्ज करा, असं तपास अधिकाऱ्याला लेखी सुचवा. बँक खातं गोठवायला सांगताना 2022 मधल्या हस्तांतराचा नेमका व्यवहार क्रमांक द्या, नुसतं नाव नको.

एफआयआर झाला की आठवडाभरात कोणीतरी येईल. देवस्थानाच्या समितीतलं, शाळेतलं, आईच्या माहेरचं. ‘आपल्याच गावचा आहे, त्याला दोन मुलं आहेत, पैसे देतो म्हणतो, मिटवा.’ अशा वेळी बाबांवर केवढा दबाव येतो ते मला माहीत आहे; आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला गावात वाईटपणा घेणं जड जातं. पैसे परत येत असतील तर घ्या, त्यात गैर काही नाही. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटू शकतो, पण ती परवानगी पैसे हातात आल्यावर मागायची. पुढच्या तारखेचे चेक घेऊन फिर्याद मागे घेतल्याचं पत्र लिहून देऊ नका. चेक घेतलाच तर ‘फौजदारी तक्रारीतील हक्क अबाधित ठेवून’ असं लिहिलेल्या पावतीवर त्याची सही घ्या. तो वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात चेक न वटल्याची, 138 कलमाची तक्रार. यातली एकही तारीख चुकवायची नाही. परत आलेली प्रत्येक रक्कम बँकेतूनच घ्या आणि सीएला कळवा, कारण ती मुद्दलाची परतफेड आहे. शेतीचं उत्पन्न म्हणून ती पुन्हा कोणत्याही विवरणपत्रात जाता कामा नये.

नोटिशीच्या उत्तराची तारीख नोटिशीवरच छापलेली असते. सीएला आणि वकिलाला त्या तारखेच्या आत एकाच टेबलाशी बसवा, आणि आईलाही सोबत न्या.